आमच्या गावात आम्ही सरकार, पण रजिस्टर कुणाच्या हातात?



मागच्या वेळी आपण बचत गटाच्या हिशेबवहीबद्दल बोललो होतो. आज दुसऱ्या एका वहीबद्दल बोलणार आहे. ही वही आपल्या घरात नसते, ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. तिला ठरावाचं रजिस्टर म्हणतात, कुणी प्रोसिडिंग म्हणतं. गावाने काय ठरवलं ते त्यात लिहिलेलं असतं. निदान तसं समजायचं असतं.

माझं लग्न होऊन मी पाड्यावर आले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हाची गोष्ट. सकाळी भाकरी थापत होते. पंचायतीचा माणूस दारात आला, म्हणाला, वहिनी, इथं सही करा, ग्रामसभेची हजेरी आहे. हाताला पीठ होतं. मी पदराला हात पुसला आणि सही केली. शेजारच्या म्हातारीने अंगठा दिला. पाड्यावरच्या सगळ्या घरांतून तो असा फिरला. सभा झाली का, कुठे झाली, कशाची झाली, कुणीही विचारलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात विहिरीच्या मागच्या टेकडीवर जेसीबी आला आणि मुरूम काढायला लागला. आम्ही ओरडलो. तेव्हा आम्हाला कागद दाखवला, ‘ग्रामसभेची हरकत नाही’. खाली आमच्याच सह्या, आमचेच अंगठे.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. कारण आदिवासींची एकजूट, आदिवासी स्वशासन, आपलं राज्य असे मोठे शब्द ९ ऑगस्टला स्टेजवरून आपण पुष्कळ ऐकतो. ढोल वाजतात, तारपा वाजतो, रॅली निघते. मला ते आवडतं, मी दरवर्षी जाते, खोटं कशाला बोलू. पण १० ऑगस्टला ते रजिस्टर कुणाच्या कपाटात असतं, हे बघायला नको का?

आता आधी ‘आपण’ म्हणजे कोण, ते बघू.

महाराष्ट्रात चाळीसहून जास्त आदिवासी जमाती आहेत. २०११ च्या जनगणनेत आपण १ कोटी ५ लाखांच्या आसपास होतो. शंभर माणसांत नऊ म्हणा. वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकर, कोकणा, भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड, माडिया, कोलाम. बोली वेगळ्या, देव वेगळे, लग्नाच्या रीती वेगळ्या. बोलींचं तर असं आहे की गोंडी ही तेलुगू-कन्नडच्या कुळातली, कोरकू ही तिकडे झारखंडातल्या मुंडारी-संथालीच्या कुळातली, आणि वारली-भिली या मराठी-गुजरातीच्या जवळच्या. मेळघाटातली कोरकू बाई आणि तलासरीची वारली बाई आपापल्या बोलीत बोलायला लागल्या तर एकीचं दुसरीला कळणार नाही. मग दोघी एक कशा?

दोघींच्या पोटाला जंगल लागतं आणि दोघींना जंगलात चोर ठरवलं गेलं. माझ्या मते एकीची सुरुवात इथून होते. रक्त, बोली या पुढच्या गोष्टी. इंग्रजांनी १८७८ आणि मग १९२७ चा वन कायदा केला आणि ज्या रानातून आजी-पणजी मोहफुलं, हिरडा, डिंक, कंदमुळं आणत होत्या, ते रान सरकारचं झालं. डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई एका रात्रीत गुन्हेगार झाली. गार्ड दिसला की मोळी टाकून झाडामागे लपायचं, हे नंदुरबारच्या बाईला माहीत आहे, गडचिरोलीच्या बाईला माहीत आहे. कोयता हिसकावून घेतला तर तो सोडवायला कोंबडी द्यावी लागायची, हेही दोघींना माहीत आहे.

‘आदिवासी’ हा शब्द एकजुटीचा शब्द म्हणून पुढे आला तोही असाच. झारखंडच्या बाजूला १९३८ साली आदिवासी महासभा उभी राहिली. मुंडा, उरांव, संथाल, हो अशा वेगवेगळ्या जमातींनी एका नावाखाली यायचं ठरवलं. पुढल्या वर्षी जयपालसिंग मुंडा तिचे अध्यक्ष झाले. हे तेच जयपालसिंग, ज्यांच्या कप्तानीत भारताचा हॉकी संघ १९२८ च्या ऑलिंपिकला गेला आणि सोनं घेऊन आला. पुढे ते घटना समितीत आदिवासींच्या बाजूने बोलले. आपल्याकडे १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरात, वारल्यांनी वेठबिगारीला ‘नाही’ म्हटलं. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर गडी म्हणून राबायचं नाही. गोदावरीबाई परुळेकरांनी त्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं. गटात कुणाला वाचता येत असेल तर मोठ्याने वाचा, बाकीच्या भाकरी करता करता ऐकतील.

तर नाव एक झालं, दु:ख एक होतं हे कळलं. पण नुसतं दु:ख एक असून कारभार चालत नाही. कारभाराला कायदा लागतो.

१९९२ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि देशभर पंचायत राज आलं. पण ज्याला पाचवी अनुसूची म्हणतात, म्हणजे आदिवासी बहुल अनुसूचित क्षेत्र, तिथे ते जसंच्या तसं लागू करायचं नव्हतं. कारण आदिवासी गावांची स्वत:ची रीत आधीपासून होती. मग दिलीपसिंग भुरिया या खासदारांची समिती नेमली. तिने १९९५ मध्ये अहवाल दिला. आणि २४ डिसेंबर १९९६ ला कायदा आला. त्यालाच आपण ‘पेसा’ म्हणतो. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांमधल्या अनुसूचित क्षेत्राला तो लागू आहे. पण त्याचे नियम व्हायला २०१४ साल उजाडलं. अठरा वर्षं! तेवढ्या वेळात पाळण्यातलं पोर मतदार होतं.

पेसामध्ये काय आहे, ते मी कलमं वाचून नाही सांगत, घरच्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, ‘गाव’ म्हणजे काय? तलाठ्याच्या दप्तरात गाव म्हणजे महसुली गाव, त्यात आठ-दहा पाडे. पेसा म्हणतो, जी वस्ती, जो पाडा, जो टोला आपला कारभार आपल्या रीतीने चालवतो, ते गाव. म्हणजे पन्नास घरांचा पाडासुद्धा गाव होऊ शकतो आणि त्याची स्वत:ची ग्रामसभा असू शकते. हे बायांसाठी केवढं मोठं आहे बघा. मूळ गावात सभा असली की आम्हाला दोन टेकड्या ओलांडून जावं लागतं. पाणी भरून, पोरं आवरून, शेळ्या सोडून तिथं पोहोचेपर्यंत सभा संपलेली असते. सभा पाड्यावरच्या झाडाखाली असली तर लेकरू कडेवर घेऊनही बसता येतं. त्यासाठी पाड्यावरच्या मतदारांनी ठराव करायचा आणि तो प्रांत अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. तिथून तो वर जातो, मग पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर होतो.

दुसरी गोष्ट. पंचायतीने काम केलं, रस्ता केला, बंधारा बांधला, तर पैसा नीट खर्च झाला असा दाखला ग्रामसभेने द्यायचा असतो. सरपंचाने नाही, ग्रामसेवकाने नाही, ग्रामसभेने. घरकुल कुणाला द्यायचं, योजनेत कुणाचं नाव घालायचं, तेही ग्रामसभेने ठरवायचं. मुरूम, दगड, वाळू अशा गौण खनिजाची खाण द्यायची तर आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. दारूबंदी करायची की बंधन घालायचं, तो अधिकारही आहे. जमीन आदिवासीच्या हातून जात असेल तर ती थांबवायची, गेलेली परत मिळवायची. सावकारीवर लक्ष ठेवायचं. बाजार, छोटे पाणीसाठे, गौण वनोपज, या सगळ्यांत गावाचा शब्द आहे.

मग माझ्या सहीने टेकडी का गेली? कारण त्या दिवशी आमची ग्रामसभा म्हणजे भाकरी थापताना केलेली एक सही होती. कायद्याने आम्हाला दार दिलं होतं आणि आम्ही आत न जाता बाहेरूनच ‘हो’ म्हणून मोकळ्या झालो.

तिसरी गोष्ट पैशाची. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो, लोकसंख्येप्रमाणे. त्याला अबंध निधी म्हणतात. म्हणजे वरून कुणी ‘याच्यावरच खर्चा’ म्हणून बांधून दिलेला नाही. त्याचं काय करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं. तुमच्या गावात गेल्या वर्षी किती आला? त्याचं काय झालं? खात्यावर कुणाच्या सह्या चालतात? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढे तीनच प्रश्न एकमेकींना विचारून बघा. उत्तर कुणालाच देता आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, आमच्यातही पहिल्या वेळी कुणाला आलं नव्हतं.

पेसाच्या जोडीला दुसरा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा. यात दोन प्रकारचे हक्क आहेत आणि बऱ्याच गावांत त्यांची गल्लत होते, म्हणून थोडं थांबून सांगते. एक वैयक्तिक हक्क, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर, जास्तीत जास्त चार हेक्टर, म्हणजे दहा एकरांपर्यंत. त्याचा दावा ‘नमुना अ’ वर करायचा. आणि कान देऊन ऐका, लग्न झालेलं असेल तर तो हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. कायद्यातच तसं लिहिलं आहे. तुमच्या घरात पट्टा आला असेल तर आज संध्याकाळी तो पेटीतून काढा आणि तुमचं नाव आहे का बघा. नसेल तर विचारा, का नाही.

दुसरा सामूहिक हक्क. सगळ्या गावाने मिळून वापरायचं जंगल, गुरं चारायची जागा, पाणवठे, मासे, मोहफुलं, बांबू, तेंदूपत्ता, डिंक. त्यासाठी ‘नमुना ब’. आणि त्याच्याही वरचा हक्क म्हणजे आपल्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा. त्याचा दावा ‘नमुना क’ वर. पुष्कळ गावांनी ‘अ’ भरला आणि थांबले. घराघराला तुकडा मिळाला, पण रान तिसऱ्याचंच राहिलं. मला तर वाटतं बायांसाठी ‘क’ हा ‘अ’ पेक्षा मोठा आहे, कारण शेताचा तुकडा कधी नवऱ्याचा, कधी दिराचा, पण सरपण, पाला, भाजी, औषध आणायला रानात रोज बाई जाते.

आता हे सगळं कागदावरचं झालं. करून कुणी दाखवलं? गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गाव आहे. लेखा गावाच्या शेजारी म्हणून लोक मेंढा-लेखा म्हणतात. शंभरेक घरांचं गोंड गाव. त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. गोंडीत ‘मावा नाटे मावा राज’ असं बस्तरच्या बाजूला म्हणतात, अर्थ तोच.

मेंढ्याची गोष्ट वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधी सुरू होते. १९८० नंतरच्या वर्षांत गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं होणार होती. गावंच्या गावं आणि जंगल पाण्याखाली जाणार होतं. तेव्हा ‘जंगल बचाव मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. त्यात मध्य प्रदेशच्या बाजूचे लाल श्यामशहा महाराज होते, बाबा आमटे होते, आणि दोन्ही बाजूंचे गोंड-माडिया आदिवासी होते. नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं, पण बुडणारी माणसं एकच. ती धरणं तेव्हा थांबली. मेंढ्याचे देवाजी तोफा त्या वाऱ्यात तयार झालेले, आणि त्यांच्याबरोबर ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल. हे मोहनभाऊ २०२५ च्या सुरुवातीला गेले. आपल्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लावणारा माणूस, एवढं तरी आपण बायांनी लक्षात ठेवावं.

धरण थांबलं, पण त्या गावाने तिथे घोषणा बंद करून अभ्यास सुरू केला. अभ्यास गट केले. संध्याकाळी बसायचं, एक विषय घ्यायचा, मध असो, जंगल असो, कायदा असो, बाहेरून जाणकार माणूस बोलवायचा, पण निर्णय मात्र गावाने घ्यायचा. मध काढताना पोळं जाळायचं की माश्या वाचवून काढायचा, याचासुद्धा त्यांनी अभ्यास केला.

आणि निर्णय कसा घ्यायचा? हात वर करून नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. आता तुम्ही म्हणाल, असं केलं तर काम कधी होणार? वेळ लागतो, खरंच लागतो. दारूचा प्रश्न बायांनी काढला तेव्हाही बोलणी पुष्कळ लांबली. देवाधर्माच्या कार्याला दारू लागते असं पुरुषांचं म्हणणं. ते धरून शेवटी मार्ग निघाला. पण बहुमताने ठराव केला असता तर काय झालं असतं? चाळीस हात वर, पस्तीस खाली, आणि ते पस्तीस जण रात्री गुपचूप भट्टी लावून बसले असते. आपल्या किती गावांत असं झालंय, तुम्हाला मी सांगायला नको. सभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष यायला हवा, हाही मेंढ्याचा नियम. घरातून दोघं आले की एकमत खरं की खोटं ते घरीच कळतं.

२००९ मध्ये मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा, या दोन गावांना देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याला १८०० हेक्टरवर जंगल. पण हक्क मिळून दोन वर्षं ते स्वत:चा बांबू विकू शकले नाहीत! का? तर १९२७ च्या जुन्या कायद्याप्रमाणे बांबू म्हणजे झाड, आणि झाड सरकारचं. नव्या कायद्यात मात्र बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाचं. बांबू तोडला तरी बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो परवाना वन खातं देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते, आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एक साधं पावतीपुस्तक! पण ज्याच्या हातात पुस्तक त्याचा बांबू. म्हणून मी म्हणते, रजिस्टर, पावतीपुस्तक, पासबुक यांना कमी लेखू नका.

त्यानंतर बांबूतून मोठी रक्कम गावाच्या खात्यात आली. कोटीच्या घरात. २०१३ मध्ये तर त्यांनी याच्याही पुढे जाऊन ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांच्या जमिनी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, म्हणजे एकट्याने कुणाला बाहेरच्याला विकता येऊ नये. कसायची ज्याची त्याने, पण विकायची नाही. हे सगळ्या गावांना जमेल असं मी म्हणत नाही. आमच्या पाड्यावर बांधावरून दोन भाऊ अजून बोलत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांना २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न, सगळ्यांना माहीत आहे. पण पत्ता चांगला यावा म्हणून झाडं छाटतात, आगी लावतात, तेंदूची फळं मिळत नाहीत. पाचगावने ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही, बांबूवर भागवायचं. सरकारने सांगितलं असतं तर याच लोकांनी मोर्चा काढला असता, हे नक्की. स्वत: ठरवलं म्हणून पाळलं. तिकडे अमरावतीच्या पायविहिरच्या कोरकूंनी उजाड टेकडीवर झाडं राखली आणि सीताफळं विकली. प्रत्येक गावाचं वेगळं.

पण एकटं गाव किती पुरं पडणार? तेंदूचा ठेकेदार काय करतो, एका गावाला म्हणतो शेजारचं गाव कमी भावात द्यायला तयार आहे. शेजारच्याला तेच सांगतो. भांडण आपलं, फायदा त्याचा. म्हणून गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. प्रत्येक ग्रामसभेतून दोन बाया आणि दोन पुरुष प्रतिनिधी म्हणून जातात. हा निम्मा-निम्मा हिशेब आपोआप झालेला नाही. त्या भागात महिला गटांनी कित्येक वर्षं आधी दारू, मारझोड, रेशन या प्रश्नांवर काम केलं होतं. त्यांना बोलायची सवय झाली होती. तेव्हाच त्यांनी जागा मागितली.

इथे मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. आपली परंपरा, आपली पंचायत, आपला न्याय हे आपण अभिमानाने सांगतो. पण जुन्या पंचायतीत, गावपाटील, भगत, भूमिया, जातीचे पंच बसायचे तिथे बाईला बसायला जागा होती का? बऱ्याच ठिकाणी नव्हती. तिचाच न्याय व्हायचा आणि ती अंगणाबाहेर उभी. डाकीण ठरवून बाईला मारलं, तेव्हाही गाव ‘एक’च होतं. अशी एकी मला नको. स्वशासन म्हणजे गार्डच्या जागी घरचा पुरुष हुकूम देणारा, असं होणार असेल तर बाईच्या डोक्यावरची मोळी काही हलकी होत नाही. काही भाऊ म्हणतात, बायांचा प्रश्न आत्ता काढू नका, एकी फुटेल. त्यांना विचारा, आमच्याशिवाय जी होते ती कुणाची एकी?

कायदा इथे आपल्या बाजूला आहे, तेवढं पाठ करून ठेवा. वनहक्काचा ठराव ज्या ग्रामसभेत होतो तिथे निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा तरी बाया लागतात. गावाच्या वनहक्क समितीत दहा ते पंधरा जण, त्यातही तिसरा हिस्सा बाया. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. महिला सभेत ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवायचं असतं. दाव्याला पुरावा काय, म्हणून घाबरून जाऊ नका. सगळं कागदच लागतं असं नाही. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. कुठली देवराई, कुठली जुनी विहीर, कुठे मसणवट, कुठल्या झाडाचा हिरडा कुणाच्या आजीने वेचला, हे म्हाताऱ्या बायांना जेवढं ठाऊक तेवढं कुणाला नाही. हद्द दाखवायला जाताना त्यांना पुढे घाला. आमच्याकडे सत्तरीच्या एका आजीने नकाशा काढणाऱ्या पोरांना तीन डोंगर चालवलं. पोरं दमली, आजी नाही.

जगातही हा विचार मान्य झाला आहे, एवढं जाता जाता सांगते. १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी, मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा केला. १४४ देशांनी बाजूने मत दिलं, त्यात भारत होता. त्यात स्वशासनाचा हक्क आहे, आणि लोकांना विचारून, समजावून, त्यांची संमती घेऊनच त्यांच्या जमिनीवर काही करावं, असं आहे. समजावून घेतलेली संमती. भाकरी थापताना घेतलेली नाही.

तर आमच्या टेकडीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. खाणीची मुदत संपत आली तेव्हा पुन्हा तेच रजिस्टर फिरायला निघालं. या वेळी मी म्हटलं, भाऊ, आधी वाचून दाखव. तो म्हणाला, घाई आहे. मी म्हटलं, मला नाही. पाड्यावरच्या एकाही बाईने सही केली नाही. मग महिला सभा मागितली. ती झाली. तिचा विषय घेऊन आम्ही एकतीस बाया ग्रामसभेला गेलो, दोन टेकड्या ओलांडून, सकाळी आठला निघून. तिथे आम्ही एकच धरून बसलो. जुना ठराव वाचा, त्या दिवशी कोण हजर होतं ते वाचा, मग नवीन लिहा. वाचताना माझंही नाव आलं. मान खाली गेली, पण उठून सांगितलं की ही सही माझी आहे आणि मला तेव्हा काही विचारलं नव्हतं. भांडण झालं. दुपारचे चार वाजले. नवा ठराव ‘हरकत आहे’ असा लिहिला गेला, आणि आम्ही तिथेच त्याची नक्कल मागितली, शिक्क्यासकट.

खाण पुरती बंद झाली असं मी सांगणार नाही. रात्री कधीमधी ट्रकचा आवाज येतो. पाडा वेगळं गाव व्हावा म्हणून केलेला आमचा प्रस्तावही वरच्या कचेरीत अजून पडून आहे. पण नक्कल माझ्याकडे आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, भाताच्या कणगीवर, आणि तिच्या तीन झेरॉक्स तीन वेगळ्या घरांत आहेत. पुढच्या खेपेला ‘नमुना क’ ओळीओळीने कसा भरायचा ते बघू. तोवर तुमच्या गावची महिला सभा कधी झाली होती, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारून ठेवा. दोघी-तिघी मिळून जा, एकटीने नको. जोहार.